तिला ताण, मला झटके

"जर्सी काढ," सर म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. फुटबॉलची विभागीय फायनल होती, मॅच आता सुरूच होणार होती. मी ग्लोव्हज घालून, बुटाच्या नाड्या आवळून तयार उभी. समोर आमची सगळी टीम गोल करून बसलेली. मी तेव्हा नववीत होते, आणि सातवीपासून शाळेच्या गोलमध्ये माझ्याशिवाय दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं.

"का सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पोरींकडं बघून बोलले, "हिला झटकं येत्यात. श्वास अडकतोय, हात गार पडत्यात. हिनंच सांगितलंय मला. गोलमधी आडवी पडली तर कुणाला जबाबदार धरायचं? आज ईश्वरी कीपर."

सगळ्या पोरींनी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं.

ईश्वरी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. त्याच वर्षी टीममध्ये आली होती. कीपरची जर्सी एकच होती, पिवळी. मोठ्या मापाची आलेली, म्हणून माझ्या आईनं दोन्ही बाजूंनी टीप मारून माझ्या अंगाबरोबर केली होती. कपडे बदलायला आडोसा नव्हता. मी पाण्याच्या टाकीमागं गेले. आमची डिफेन्सची पोरगी शबाना माझ्यापुढं टॉवेल धरून उभी राहिली.  

जर्सी घेऊन मी परत आले. ईश्वरीची आई गाडीतून उतरून आली होती. तिनं ती दोन बोटांच्या चिमटीत धरली.

"अगं, तसलीच घालणार? थांब जरा."

गाडीतून अत्तराची बाटली आणली. माझ्यासमोर जर्सीवर फवारा मारला. कॉलरला मारला. काखेला मारला. उलटी करून आतून पण मारला. मग लेकीला म्हणाली, "आता घाल." आणि मला म्हणाली, "बाळ, वाईट नाही हं वाटून घ्यायचं."

त्या मैदानावर दोन्ही टीमच्या पोरी घामानं निथळत होत्या. वास फक्त माझ्या घामाला येत होता.

मॅच आम्ही जिंकलो. शबानानं त्या दिवशी बॉल मागं येऊच दिला नाही. ईश्वरीच्या हाताला बॉल लागला तो गोलकिक मारायच्या वेळी. मी शाळेचा पांढरा टी-शर्ट घालून बाकावर बसले होते. सर वळून ओरडले, "टाळ्या वाजीव की! टीम तुझी न्हाय व्हय?"

मी टाळ्या वाजवल्या.

हे सर कोण होते ते सांगायला पाहिजे. त्याशिवाय हे काय झालं ते कळणार नाही.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. नदीकाठचं गाव. आमची वस्ती सगळ्यात खालच्या अंगाला. बाबासाहेबांच्या मागून आमच्या पणज्यानं धम्म घेतला, पण घरं आहेत तिथंच राहिली. मोठा पूर आला तेव्हा पाणी आधी आमच्यात शिरलं आणि नाव आधी वरच्या गल्लीला गेली. आम्ही समाजमंदिराच्या स्लॅबवर बसलो होतो. आई, आप्पा, मी, शेजारपाजारचे. चारी बाजूंनी मातकट पाणी, त्यातून वाहत जाणारं उसाचं पाचट, कुणाची तरी शेळी. नाव आली तेव्हा मी चढताना घसरले आणि पाण्यात गेले. आप्पांनी केसाला धरून वर काढलं. एवढंच. कुणी मेलं नाही आमच्यातलं. पण तेव्हापासून मला अधूनमधून श्वास पुरायचा नाही. वर्गात बसले असले, जेवत असले तरी एकदम छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. बोटं बधिर. कानात पाण्याचा आवाज.

पुरानंतर आम्ही कोल्हापुरात आलो. आप्पा फौंड्रीत लागले. फौंड्री अध्यक्षांच्या भावाची, म्हणजे ईश्वरीच्या वडलांची. तिथल्या ओळखीनंच मला शाळेत घेतलं. आई घरात बसून ब्लाउज शिवायची.

शाळेत मी कुणाशी बोलायचे नाही. पीटीच्या तासाला कडेला उभी असायचे. एक दिवस बॉल जोरात माझ्या तोंडावर आला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. न बघता धरला. सर शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडं बघत राहिले. "कुठली गं तू?" मी गाव सांगितलं. "उद्यापास्नं सकाळी ये. डबा आण. न्हायतर असू दे, माझ्या डब्यात दोघांचं होतंय."

आणि खरंच व्हायचं. सरांच्या बायकोनं दिलेली भाकरी आणि झुणका मी किती सकाळी खाल्ला त्याला गणती नाही. सर शेतकऱ्याच्या घरातले, शाहूवाडीकडचे. अनवाणी शाळेत गेलेले. तसं ते सांगायचे. त्यांनी मला बॉलवर झेप कशी घ्यायची ते शिकवलं. पडायचं कसं, खांदा कुठं टेकवायचा, पुढून येणाऱ्या पोरीच्या पायाकडं न बघता कंबरेकडं का बघायचं. आणि ओरडायचं कसं. "कीपर मुका असला की टीम आंधळी," म्हणायचे. मी ओरडायला शिकले. घरात माझा आवाज ऐकून आई दचकायची.

गोलमध्ये उभी राहिले की माझा श्वास मोकळा व्हायचा. का ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मागं जाळी, दोन बाजूला खांब, पुढं सगळं दिसतंय. काही येणार असेल तर समोरून येणार. पाण्यासारखं खालून नाही.

मी आठवीत असताना सर कुठल्या तरी शिबिराला जाऊन आले. विद्यार्थ्यांचं मन, खेळ आणि मन, असलं काहीतरी होतं. आल्यावर त्यांनी खेळाच्या साहित्याच्या खोलीवर पाटी लावली, 'मन मोकळं करा'. एकेका पोरीला बोलवून आत बसवायचे. जाळ्यात भरलेले बॉल, चुन्याची पोती, त्यात दोन खुर्च्या.

"हितलं हितंच ऱ्हातंय," सर म्हणाले. "बापाला सांगत न्हाईस ते मला सांग."

मी सांगितलं. नाव, पाणी, आप्पांच्या मुठीतले माझे केस, श्वास. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. आईला पण सांगितलं नव्हतं. सरांचे डोळे भरून आले होते. मी बघितलेत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लेकीसारखी हाईस तू मला."

म्हणून सांगते, जर्सीचं काही नाही. जर्सी कापडाची असते. सरांनी माझ्या आतलं काढून सगळ्यांपुढं टाकलं होतं.

त्या दिवसानंतर शाळेत माझं नाव पडलं, 'झटकेवाली'. बाकावर शेजारी बसायला पोरी कचरायच्या. एक पोरगी पट्टीनं मला ढोसून बघायची, पडते का. सरांनी सांगितलं होतं म्हणजे ते खरंच असणार. ईश्वरीला राज्यस्पर्धेच्या टीममध्ये घेतलं. मला सर म्हणाले, "तू जरा विश्रांती घे." ती विश्रांती संपलीच नाही. आणि खेळ सुटल्यावर श्वास जास्तच अडकायला लागला. पूर्वी महिन्यातून कधीतरी व्हायचं, ते रोजचं झालं.

आईनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ही फिट नाही. मोठी भीती बसली की अंग असं करतं. औषध देते, बोलायला यायचं, बरं होतं. खेळतेस ना? मग ते मात्र सोडू नको."

आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. सरांना म्हणाली, "डॉक्टर म्हनल्या, खेळू द्या. खेळूनच बरी हुईल." सर खुर्चीत, आई दारात. सर म्हणाले, "डॉक्टरला बोलाय काय जातंय, वहिनी? उद्या काय झालं तर शाळेचं नाव जातंय." आई परत आली आणि मशीनवर बसली. त्या दिवशी तिची सुई दोनदा मोडली.

तरीही मी सरांवर विश्वास ठेवून होते. हे लोकांना खरं वाटत नाही. मला वाटायचं, सरांचा नाइलाज असेल. सर घाबरले असतील. सरांना माझी काळजी असेल. डब्यातली भाकरी आठवायची. माणूस एकदम नाही तुटत दुसऱ्या माणसापासून.

तुटलं ते नळापाशी.

राज्यस्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मैदानामागच्या नळावर मी पाणी प्यायला गेले. तिथं ईश्वरी कट्ट्यावर बसली होती. पांढरीफटक. तोंड उघडं, खांदे वर चढलेले, बोटं वाकडी झालेली. मी बघताक्षणी ओळखलं. आरशात बघितल्यासारखं.

"श्वास येत नाहीये," ती म्हणाली.

"घिऊ नको. आधी बाहेर सोड. फुंकर मारल्यागत. सोड." मी तिचे हात धरले. तिनं सोडला. परत सोडला.

जरा ठीक झाल्यावर रडायला लागली. "मला कीपर व्हायचंच नव्हतं गं. काकांना राज्याचं सर्टिफिकेट पाहिजे. बॉल आला की मला मरणार असं वाटतं. तुला पण असंच होतं?"

"व्हय. असंच."

तेवढ्यात सर पळत आले. मागून शिपाई खुर्ची घेऊन. कुणी पाणी आणलं, कुणी वहीनं वारा घालायला लागलं. ऑफिसातून तिच्या घरी फोन गेला. सर गुडघ्यावर बसून तिला म्हणाले, "काय न्हाय बाळा, काय न्हाय. ताण आलाय नुसता. कोवळं वय हाय. शहरातल्या मोठ्या मानसतज्ज्ञांकडं नेऊया. घाबरायचं न्हाय." मग उठून सगळ्यांना दरडावलं, "ह्यातलं एक अक्षर बाहीर गेलं न्हाय पायजे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय."

मी तिथंच उभी होते. मी म्हणाले, "सर, हे तेच हाय. मला होतंय तेच."

सरांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं.

"खुळी हाईस काय? तिचं येगळं. घराण्याचं नाव, अभ्यास, खेळ, किती सांभाळायचं तिनं. तुमच्यात कशाचं आलंय टेन्शन? तुमची पोरं काटक असत्यात."

तुमच्यात.

श्वास तोच. बोटं तीच. नळ एकच. तिला आला तो ताण. मला आले ते झटके. तिचं झाकायचं, माझं वाजवायचं. तिला मन होतं. मला नुसतं अंग होतं, काटक. त्यांना हवं तेव्हा गोलमध्ये उभं करायचं, हवं तेव्हा बाजूला ठेवायचं. आणि हे मला सांगणारा माणूस त्यांच्यातला पण नव्हता. अनवाणी शाळेत गेलेला माणूस. माझ्यासोबत भाकरी खाल्लेला.

माझ्या आत त्या दिवशी काहीतरी थंड झालं. आजवर ते तापलेलं नाही.

मी दहावीत गेल्यावर शाळेनं मोठा कार्यक्रम ठेवला. 'खेळातून मनाचं आरोग्य'. बाहेरचे पाहुणे, पालक, मंडप. सरांनी मला बोलावलं. किती तरी महिन्यांनी हसून बोलले.

"तू बोलायचं बरं का. पुरातनं आलेली पोर, मन खचलेलं, शाळेनं खेळाला लावली, सावरली. पाच मिंटं. लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पायजे."

"सर, मी आता खेळत न्हाय."

"ते कुणाला सांगत बसू नको. तुझंच भलं हुईल. बोर्डाची परीक्षा हाय, तुझ्या आप्पाची नोकरी हाय. समजतंय न्हवं?"

रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडून पाठ करून घेतलं. "मी खचले होते. मी हरले होते. माझ्या शाळेनं मला उभं केलं." आमच्याकडं पोरी पण 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. सर दर वेळी दुरुस्त करायचे. "खचलो न्हवं, खचले. पाव्हणं पुण्याचं हायत."

घरी आप्पांना सांगितलं. आप्पा जेवत होते. घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "बोल की. चार शब्दांनी काय झिजत न्हाय. फौंड्रीत साहेबानं पण विचारलंय, पोरगी बोलनार न्हवं म्हणून." 

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप भरला होता. अध्यक्ष मधोमध. ईश्वरी पहिल्या रांगेत आईजवळ. सरांनी माइकवर माझी ओळख करून दिली. पुन्हा तेच. पूर, नाव, पाणी. श्वास अडकतो ते पण. मी त्या चुन्याच्या पोत्यांमध्ये बसून जे सांगितलं होतं, ते सगळं सर मंडपाला सांगत होते, माझ्या देखत, आवाज कापरा करून. बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

मी माइकपुढं गेले. छाती आवळायला लागली. मी आधी श्वास बाहेर सोडला. मग बोलले. जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मी खचलो नव्हतो. मला भीती वाटायची. ती मी एकाच माणसाला सांगितली. त्या माणसानं ती सगळ्या टीमला सांगितली आणि माझी जागा काढून दुसरीला दिली. मला खेळानं उभं केलंतं. शाळेनं बसवलं."

माइक बंद झाला. कुणी बंद केला माहीत नाही.

पण मी कीपर होते. माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जायचा. तो मंडप तर केवढासा.

"मोठ्या घरच्या पोरीला झालं की ताण. आमच्यात झालं की झटकं. ही कसली मनाची शाळा?"

ईश्वरीचं नाव मी घेतलं नाही. तिचं ते तिचं होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. सिनेमात वाजवतात. शबाना मागच्या रांगेत उभी राहिली, तेवढं दिसलं. मग शिपायानं मला दंडाला धरून खाली आणलं. सर माझ्या जवळून गेले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. दुःख होतं. खरंखुरं. मी त्यांना दगा दिला असं त्यांना वाटत होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी आप्पांना केबिनमध्ये बोलावलं. मला पण. अध्यक्ष म्हणाले, "पोरीनं माफी मागावी. विषय संपला."

आप्पा हात जोडून उभे होते. मला वाटलं, आता मला म्हणतील, माग. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "साहेब, पोरगी खोटं बोलली का?"

"खरंखोटं हा विषय नाही."

"मग माफी कशाची?"

आवाज चढवला नाही. हात जोडलेलेच होते. पण ते वाक्य त्यांनी मागं घेतलं नाही.

महिनाभरात आप्पांची फौंड्री सुटली. नंतर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. एकदा जेवताना म्हणाले, "तुझं खरं लय महाग पडलं गं." त्यांचंही खोटं नव्हतं. पुढं ते एका वर्कशॉपमध्ये लागले. आई आता शाळांचे गणवेश शिवते. मी दहावी झाले. राज्याचं सर्टिफिकेट माझ्याकडं नाही. खेळाचे वाढीव गुण मला मिळाले नाहीत. दवाखान्यात मात्र मी नेमानं गेले. श्वास अजूनही कधीतरी अडकतो. मला तो सोडता येतो.

आता मी कॉलेजला आहे. कॉलेजच्या टीमची कीपर. सकाळी एका शाळेच्या मुलींना गोलकीपिंग शिकवायला जाते. मागच्या महिन्यात आठवीतली एक पोरगी सरावानंतर थांबली. बुटाची नाडी सोडत, बांधत, खूप वेळ बसली. मग तिनं मला काहीतरी सांगितलं. मी ऐकलं. तिला विचारलं, आणखी कुणाला सांगायचं, ते तू ठरव. ती म्हणाली, आईला, तुम्ही बरोबर या. मी गेले. आईनं तिला दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

आठवड्यानं मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "ती पोरगी तुझ्याशी काय बोलली? जिल्ह्याची टीम काढायची आहे. काही असेल तर आधीच कळलेलं बरं. दुसऱ्या कुणाला तरी घेऊ."

"तिच्या जिवाला धोका न्हाय, मॅडम. तिच्या आईला माहीत हाय. डॉक्टर खेळू दे म्हणालेत. बाकीचं मी सांगणार न्हाय."

"अगं, मी शाळेची प्रमुख आहे."

"व्हय. तरी न्हाय."

"मग तुला इथं ठेवायचं की नाही, ते मला बघावं लागेल."

"बघा," मी म्हणाले. "पण तिला टीममधनं काढलं तर का काढलं, ते मी सगळ्या पालकांपुढं विचारणार. माइक लागत न्हाय मला."

पोरगी टीममध्ये आहे. मला अजून काढलेलं नाही. काढतीलही.

लोक मला विचारतात, सरांना माफ केलंस का. त्यांनीच खेळ शिकवला ना तुला. हो, त्यांनीच शिकवला. ते मी कधी नाकारलं नाही, नाकारणार नाही. पण माफ केलेलं नाही. करणार नाही. भाकरी घातली म्हणून कुणाला माझं काळीज चव्हाट्यावर मांडता येणार नाही. माझ्या भीतीला काय म्हणायचं, ते मी म्हणणार. कुणापुढं म्हणायचं, ते मी ठरवणार. आणि माझ्यासमोर कुठल्याही पोरीला कुणी झटकेवाली म्हणालं, तर त्या माणसाला आधी माझ्याशी बोलावं लागेल. तो कितीही मोठ्या घरचा असू दे. त्यानं मला कितीही शिकवलेलं असू दे.